इंजिन उघडण्याआधी दाब मोजा
सुरतसारख्या शहरातून जुना ट्रक घेताना तेलाच्या काट्याकडे का पाहावे, आणि तो खाली आला तर निदान कोणत्या क्रमाने करावे

सुरतच्या रिंग रोडवरील बाजारांतून निघणारे कापडाचे गठ्ठे, पांडेसरा व सचिन येथील औद्योगिक वसाहतींतला माल आणि हजीऱ्याचे पोलाद वाहून नेणाऱ्या ट्रकांना विसावा फारसा मिळत नाही. मुंबईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि नवापूर, धुळ्यावरून नागपूरकडे जाणारा ५३ यांवर लाखो किलोमीटर धावून झाल्यावर हे ट्रक दुसऱ्या मालकाच्या शोधात उभे राहतात. 'जीजे ०५' अशी पाटी असलेला ट्रक गोव्यात आणायचा म्हणजे तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथे पुन्हा नोंदणी, हे सोपस्कार आलेच. खरेदीदार कागदपत्रे पाहतो, टायर पाहतो, चासीला कोठे जोड दिला आहे का तेही तपासतो. डॅशबोर्डवरील तेलाच्या दाबाचा काटा मात्र अनेकदा नजरेतून सुटतो. सुरत ते गोवा हे अंतर आठशे किलोमीटरांहून अधिक आहे. इंजिनात दोष असेल तर तो याच पहिल्या प्रवासात उघड होतो, आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात.

दाब कोठून येतो?

तेलाचा पंप दाब निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पंप केवळ तेल ढकलतो. क्रँकशाफ्ट आणि तिला आधार देणारी बेअरिंग यांच्यामधील अतिसूक्ष्म फटीतून वाट काढताना तेलाला जो अडथळा होतो, त्यातून दाब उभा राहतो. ही फट साधारणतः माणसाच्या केसाच्या जाडीइतकी असते. बेअरिंग झिजले की ती रुंदावते आणि तेल सहज निसटते. दाब व तेलाचा घट्टपणा तोच राहिला, तर फट दुप्पट झाल्यावर तिच्यातून निसटणारे तेल आठपट होते. म्हणूनच बेअरिंगची झीज डोळ्यांना नगण्य वाटली, तरी काट्यावर तिचा परिणाम ठळक दिसतो.

दुसरा घटक तापमानाचा. ट्रकांत सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० हे तेल ४० अंश सेल्सिअसला जितके घट्ट असते, त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकेच १०० अंशांना उरते. सकाळी थंड इंजिनावर काटा दिमाखात वर असतो आणि नवापूर ओलांडून कोंडाईबारी घाट चढून आल्यावर, इंजिन तापून रिकामे चालू असताना, तोच काटा तळाशी टेकतो, याचे कारण हेच. जुन्या इंजिनाची खरी परीक्षा ते पूर्ण तापलेले असतानाच होते.

दाब किती असावा?

हा आकडा प्रत्येक इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. उदाहरणादाखल, टाटांच्या अनेक ट्रकांत बसवलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनासाठी तापलेल्या स्थितीत, रिकाम्या गतीवर किमान १० पीएसआय आणि पूर्ण निर्धारित गतीवर किमान ३० पीएसआय दाब अपेक्षित आहे. तेव्हा गरम इंजिनाचा काटा रिकाम्या गतीवर १५ पीएसआयवर आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तो ५ वर आला किंवा दिवा पेटला, तर मात्र ट्रक बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. दाबाविना चाललेल्या काही मिनिटांत बेअरिंग क्रँकला चिकटू शकते. टर्बोचार्जर असेल तर त्याचा बळी बहुधा आधी जातो.

स्वस्तापासून महागाकडे

निदानाचा क्रम खर्चाच्या चढत्या क्रमाने असावा. प्रथम सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असेल तर उत्तर तेथेच मिळते. मात्र तेल कोठे गेले, गळले की जळले, हेही शोधावे लागते. पातळी वाढलेली दिसली तर ते अधिक गंभीर. डिझेलचा वास येत असेल, तर गळका इंजेक्टर किंवा डिझेल पंपाचे सील यांवाटे इंधन तेलात मिसळून ते पातळ झालेले असते. तेल दुधट दिसले, तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे असे समजावे. अशा तेलावर ट्रक चालवू नये.

यानंतर काट्याचीच साक्ष तपासावी. जुन्या ट्रकांत दाब कळवणारा सेन्सर आणि त्याची तार यांत बिघाड होणे नित्याचे आहे. सेन्सर काढून त्याच्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावावे, इंजिन पूर्ण तापवावे आणि रिकाम्या गतीवर तसेच सुमारे दोन हजार फेऱ्यांवर दाब टिपून घ्यावा. ही चाचणी अल्प खर्चात होते आणि निर्दोष इंजिन विनाकारण उघडण्याची वेळ टाळते.

गेजवरील आकड्यांची वागणूकही बोलकी असते. थंड असताना दाब चांगला, तापल्यावर रिकाम्या गतीवर कमी आणि ॲक्सिलरेटर दाबताच वर, असे दिसल्यास बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेले तेल हे संशयित ठरतात. थंड व गरम दोन्ही स्थितींत दाब कमीच राहिला, तर पंप, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह किंवा तेल शोषणारी जाळी यांकडे पाहावे. काटा थरथरत असेल किंवा चढावर आणि वळणावर पडत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढत असतो. कमी पातळी, शोषण नळीला गेलेली चीर किंवा तिचे खराब झालेले सील ही त्यामागची कारणे असतात.

फिल्टर बदलताना जुना फेकू नये. तो कापून त्याच्या कागदाच्या घड्या उजेडात पसरून पाहाव्यात. करड्या रंगाचे चकाकते कण बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात. तांबूस कण दिसले तर तो थर संपून खालचा धातू उघडा पडला आहे, असा अर्थ निघतो. वाहनांची संख्या मोठी असलेले मालक तेलाचा नमुना प्रयोगशाळेतही तपासून घेतात. शिसे, कथील आणि तांब्याचे वाढलेले प्रमाण बेअरिंगकडे बोट दाखवते. सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ आत जात असल्याची शक्यता असते.

दुरुस्ती कोठवर?

चेंबर उतरवल्यावर आधी जाळी पाहावी. वर्षानुवर्षे उशिरा बदललेल्या तेलाचा गाळ किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिच्यात अडकलेले सापडतात. नियंत्रक व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा राहिला असेल, तर तो साफ करून स्प्रिंग बदलल्याने काम भागते. पंपाच्या गिअरची झीज मोजता येते.

हे सर्व निर्दोष निघाले तरच बेअरिंगच्या टोप्या, एकेक करून, उघडाव्यात. त्या एकमेकींच्या जागी बदलता कामा नयेत. क्रँकचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मापात असेल, तर बेअरिंगचा नवा संच बसवून इंजिनाचे आयुष्य वाढवता येते. चरे पडले असतील, तर क्रँक काढून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने ग्राइंड करावी लागते आणि त्या मापाची जाड बेअरिंग घालावी लागतात. तत्पूर्वी तिला तडा गेलेला नाही, याची खात्री करावी. जोडणी झाल्यावर तेलाच्या वाटा धुऊन, पंप तेलाने भरून, इंधन बंद ठेवून केवळ स्टार्टरने दाब उभा करावा आणि नंतरच इंजिन चालू करावे. कोरडे सुरू झालेले इंजिन नवी बेअरिंग पहिल्याच मिनिटात खराब करू शकते.

वेळीच बदललेला बेअरिंगचा संच आणि क्रँक, ब्लॉक, टर्बोसह नव्याने बांधावे लागणारे इंजिन यांच्या खर्चात अनेक पटींचे अंतर आहे. ट्रकच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्या मालकासाठी हे अंतर धंदा टिकणे आणि बुडणे यांतील असते.

खरेदीपूर्वीची सावधगिरी

दाट तेल ओतून काटा वर आणणे ही विक्रीपूर्वीची जुनी युक्ती आहे. त्यामुळे आकडा सुधारतो, झीज तशीच राहते. शिवाय थंड इंजिनात असे तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. म्हणून तेल नुकतेच बदललेले दिसल्यास ते कोणत्या श्रेणीचे आहे, हे विचारावे.

ट्रक पाहायला जाण्याआधी इंजिन थंड ठेवण्यास सांगावे. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलाचा दिवा पेटला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर बल्ब गेला आहे किंवा तार काढून ठेवली आहे. त्यानंतर शक्य असल्यास भार घालून किमान तासभर ट्रक चालवावा आणि तापलेल्या इंजिनाचा रिकाम्या गतीवरील दाब पाहावा. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. तो बदललेला असू शकतो. शिवाय माल भरण्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून काढलेले तास त्यात मोजले जात नाहीत.

गोव्यात २०१२ आणि २०१८ मध्ये खाणकाम थांबल्यानंतर असंख्य ट्रक दारात उभे राहिले. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रकात गाळ बसतो आणि सील सुकतात. त्यामुळे कमी धावलेला स्थानिक ट्रक घेतानाही हीच तपासणी लागू पडते. यांत्रिक गेज सोबत नेऊन, मेकॅनिकसह एक सकाळ घालवली, तर ट्रकचे मोल ठरवण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दाखेरीज एक मोजलेला आकडा खरेदीदाराच्या हाती असतो.