अक्षरांतून आकडा : लेखांक ७ – विसाव्या अंकाची फजिती

मागच्या आठवड्यात ६४ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकाची ऐपत पाहिली : शून्यापासून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ पर्यंत. हा वीस आकडी ऐवज प्रोग्रॅममध्ये येतो मात्र अक्षरांच्या रूपात. कीबोर्डवरून टाइप केलेलं ४०७ ही संगणकाच्या लेखी संख्या नाही, तीन अक्षरं आहेत. आस्की तक्त्यातले त्यांचे क्रमांक ५२, ४८ आणि ५५.

रूपांतराची रीत चौथीतल्या पोरालाही जमेल. अक्षराच्या क्रमांकातून ४८ वजा करा, हातातल्या संख्येला दहाने गुणा आणि मिळवा. आधी ४, मग ४० अधिक ०, मग ४०० अधिक ७. झालं.

गाडी अडते ती विसाव्या अंकाशी. हातात १८४४६७४४०७३७०९५५१६१ आहे आणि पुढचा अंक ५ आला, तर जेमतेम मावतो. ६ आला तर जुन्या स्कूटरच्या किलोमीटर-काट्यासारखं सगळं फिरून उत्तर चक्क शून्य! यावर पुष्कळ जण एक उपाय योजतात : गुणाकारानंतर संख्या आधीपेक्षा लहान झाली का, ते बघायचं. तो फसवा आहे. तीनावर अठरा शून्यं घ्या आणि दहाने गुणा. उरतात ११५५३२५५९२६२९०४४८३८४. उत्तर साफ चुकलेलं, पण आधीच्या संख्येपेक्षा मोठंच! तेव्हा तपासणी गुणाकाराच्या आधी हवी. हातातली संख्या वरच्या एकोणीस आकड्यांपेक्षा मोठी असेल, किंवा तेवढीच असून पुढचा अंक ५ पेक्षा मोठा असेल, तर तिथेच थांबायचं.

सी भाषेत हे काम तयार मिळतं. जुनं एटोआय इथे कामाचं नाही; संख्या मावली नाही तर काय होईल याची हमी भाषेचं मानकच देत नाही. १९९९च्या मानकात आलेलं स्ट्रटोयूएलएल बरंच शहाणं. आकडा मावला नाही तर ते कमाल किंमत परत करतं आणि एररनो या चलात ‘ईरेंज’ असा शेरा मारून ठेवतं. पण कुणी खरोखरच कमाल किंमत टाइप केली तरी तेच उत्तर येणार. फरक फक्त त्या शेऱ्याचा, म्हणून बोलावण्याआधी एररनो शून्य करायला विसरू नका. कुठे थांबलो, हेही ते एका पॉइंटरमधून सांगतं. तो कुणी बघत नाही, आणि मग ‘1,25,000’ या सव्वा लाखाचा रुपया होतो, कारण वाचन पहिल्या स्वल्पविरामापाशीच संपलेलं असतं.

आता माझी खरी तक्रार. याच फंक्शनला ‘-1’ द्या. अनसाइन्ड म्हणजे ऋण चिन्हाला थारा नाही, असं आपण धरून चालतो. ते मात्र उणे चिन्ह बिनबोभाट स्वीकारतं आणि १८४४६७४४०७३७०९५५१६१५ परत करतं. शेरा नाही, कुरकुर नाही, पॉइंटरही शेवटाला पोचलेला. मानकातच तसं लिहिलं आहे, त्यामुळे याला बग म्हणायचीही सोय नाही. एका कोठाराच्या नोंदींसाठी मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकाने परत आलेला माल ‘-1’ असा भरला होता. त्या संध्याकाळी साठ्याच्या रकान्यात मावेनात इतक्या गोण्या होत्या. तेव्हापासून मी आधी मोकळ्या जागा ओलांडून पहिलं अक्षर स्वतः बघतो आणि ते अंक नसेल तर फंक्शनपर्यंत जाऊच देत नाही. सी प्लस प्लसच्या स्टोयूएलएलने हीच खोड उचलली आहे. रस्ट मात्र यू६४ वाचताना ‘-1’ सरळ नाकारते.

आणि हो, या लेखात छापलेले देवनागरी आकडे जसेच्या तसे उचलून स्ट्रटोयूएलएलला देऊ नका. युनिकोडमध्ये आपल्या ‘०’चा क्रमांक २४०६, आणि यूटीएफ-८मध्ये हा एकेक अंक तीन बाइट घेतो. सीच्या नजरेला त्यात अंक दिसतच नाही. उत्तर शून्य येतं आणि पॉइंटर पहिल्या बाइटवरच उभा राहतो. पायथनचं इंट मात्र ‘४०७’ विनातक्रार वाचतं, अगदी ‘4०७’ अशी सरमिसळ केलीत तरी.