गुलशनाबादचा अंगूर

माझ्या आजोबांच्या तोंडून 'नाशिक' हे नाव मी कधी ऐकले नाही. ते 'गुलशनाबाद' म्हणत. आमचे धाड हे बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी कडेचे गाव. पलीकडे पाऊल टाकले की मराठवाडा लागतो. तिथून आजोबा एकदा नाशिकच्या मोठ्या दर्ग्याला जाऊन आले आणि येताना तांब्याची एक घागर आणि टोपलीभर अंगूर घेऊन आले. अंगूर त्याच दिवशी संपले. घागर अजून घरात आहे. लहानपणी मला वाटे, गुलशनाबाद हे परीकथेतले शहर असणार. भूगोलाच्या पुस्तकात ते मला कधी सापडले नाही. पुढे कळले, ते पुस्तकात होतेच, फक्त दुसऱ्या नावाने.

गुलशन म्हणजे फुलबाग. मोगलांच्या अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यास शहर मराठ्यांच्या ताब्यात आले आणि नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. पण नाव बदलले म्हणून व्यवहार एका रात्रीत बदलत नसतात. इथल्या टाकसाळीत पडणाऱ्या रुपयांवर मराठ्यांच्या काळातही गुलशनाबाद हेच नाव फारसीत उमटत राहिले. शहराला लागून असलेल्या एका गावाचे नाव आजही मखमलाबाद आहे. आणि फुलबागेची कल्पना काही मोगलांनी बाहेरून आणलेली नव्हती. पंचवटी म्हणजे पाच वडांची जागा, तपोवन म्हणजे तपाचे रान. झाडांवरून नावे ठेवण्याची इथली खोड फार जुनी आहे.

किती जुनी, ते पाहायचे असेल तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. तिथे चोवीस लेणी आहेत. त्यांतल्या एका लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यायची. त्याच लेखात नारळाच्या रोपांचे दानही नोंदले आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही बँकेची पावती दगडावर कोरलेली आहे.

याच नहपानाच्या काळात भडोच बंदरात काय उतरत होते, ते एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. त्याच्या 'पेरिप्लस' या ग्रंथातल्या यादीत द्राक्षाची दारू आहे आणि तीही इटलीची असेल तर अधिक पसंत, अशी नोंद आहे. त्या दारूचे निमुळते रोमन रांजण फुटून त्यांची खापरे आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननातही सापडली. तेव्हा परदेशी वाइनची आवड ही गोदावरीच्या खोऱ्याला काल-परवा लागलेली नाही. नवी गोष्ट एवढीच, की आता ती इथे तयार होते.

नाशिकची ओळख अर्थात एवढ्यावर संपत नाही. हे कुंभमेळ्याचे शहर. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे शहर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो इथेच. आणि आम्हा मराठी लिहिणाऱ्यांसाठी हे कुसुमाग्रजांचे गाव. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. अशाच एका फेब्रुवारीत कविसंमेलनाच्या निमित्ताने मी नाशिकला गेलो.

धाडहून भोकरदन, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, येवला असा रस्ता आहे. येवल्यापर्यंत कपाशीची पऱ्हाटी आणि कांदा दिसत राहतो. विंचूर, निफाड आले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारांचे मांडव सुरू होतात. विंचूरला सरकारने वाइन पार्क उभारले आहे. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्यातून ते झाले. दुसरे पार्क सांगली जिल्ह्यात पलूसला. या धोरणाने वाइनला शेतमालावरच्या प्रक्रिया उद्योगाचा दर्जा दिला आणि करात सवलती दिल्या. त्याआधीच नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी सुरू केली होती. तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढे वायनऱ्या वाढत गेल्या आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक निर्देशांकाची मोहोर मिळाली.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी एका मित्राने मला गंगापूरच्या बाजूला एका बागायतदाराकडे नेले. गृहस्थ साठीच्या पुढचे. गळ्यात तुळशीची माळ. मी त्यांना अण्णा म्हणू लागलो, ते मला भाऊ म्हणू लागले. द्राक्षाबद्दल मला जे काही कळले, ते त्या दोन तासांत.

युरोपात वेल थंडीत पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोप लागेल एवढी थंडीच नसते. मग माळी कात्रीने तिचे ऋतू ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची. तिच्यानंतर नवी काडी वाढते आणि उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची घडण होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करायची. मग त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये माल तयार होतो. दिवसा ऊन, रात्री गारवा आणि कोरडी हवा असली म्हणजे मण्यात साखर भरते, पण आंबटपणाही टिकतो. वाइनला दोन्ही लागतात.

खायचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष वेगळे. आपण खातो ते मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे. वाइनचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया. अण्णांनी एक मणी मला खायला दिला. आधी गोड लागला, मग जिभेला तुरटपणा चिकटून राहिला. "हा तुरटपणाच विकला जातो, भाऊ," ते हसून म्हणाले. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच गाळून घेतात. लाल वाइनसाठी तो सालींसकट आंबवतात; रंग सालीतून येतो. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कर्बवायू बनवते. आपल्या इडलीच्या पिठात जसे आंबणे असते, तसेच हे. फक्त इथे तापमान सांभाळायला मोठ्या पोलादी टाक्या लागतात.

मी विचारले, "अण्णा, खायची द्राक्षे सोडून तुम्ही ही का लावली?"

"सगळी नाही सोडली. निम्मी निम्मी आहेत," ते म्हणाले. "खायच्या द्राक्षाचा भाव व्यापारी ठरवतो आणि नशीब आभाळ ठरवतं. ह्याचा भाव आधी कागदावर लिहिलेला असतो. तेवढीच रात्री झोप लागते."

आभाळाचा हिशेब त्यांच्याकडे पाठ होता. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस आला, फुलोऱ्यातल्या बागांवर डावणी पडली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. पण कागदही नेहमी तारतोच असे नाही. २००८ ची मंदी आली, वाइनचा खप पडला, आणि अनेकांना वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्यांत अण्णांची एक एकर होती. मांडव, ठिबक, औषधे यांत गेलेला पैसा वेलीबरोबर उपटून काढता येत नाही. ते एवढेच बोलले आणि गप्प झाले.

"आणि वाइन कशी लागते हो?" मी विचारले.

"मला काय माहीत? मी माळकरी माणूस. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "मी मुसलमान. मला तरी कुठं माहीत?"

आम्ही दोघेही खूप हसलो. पण परतीच्या वाटेवर ते हसू मला टोचू लागले. माझ्या कवितेत पेला आहे, साकी आहे, मैखाना आहे. उर्दू-फारसीच्या परंपरेतून ते शब्द माझ्या मराठीत आले. रियाज खैराबादी हे मद्यावरच्या शेरांसाठी प्रसिद्ध. त्यांनी स्वतः कधी थेंबही घेतला नाही. 'मधुशाला' लिहिणारे हरिवंशराय बच्चनही न पिणारे. आजोबा ज्यांच्या दर्ग्याला गेले होते, ते सादिक शाह हुसैनी १५६८ साली मदिनेहून निघाले आणि पश्चिम भारत फिरून नाशिकला स्थिरावले, असे सांगतात. त्यांच्या नावापुढे 'सरमस्त' हा शब्द लागतो. सरमस्त म्हणजे धुंद, पण ईश्वराच्या प्रेमात. आमच्या परंपरेत मद्य म्हणजे बहुधा ही धुंदी. कागदावर ती फार सुंदर दिसते.

धाडला मात्र मी दुसरी धुंदी पाहिली आहे. माझा एक वर्गमित्र होता. चार एकर कपाशी होती. आधी बैलजोडी गेली, मग दोन एकर गेले, मग तो गेला. वय बेचाळीस. त्याची पत्नी, आमच्या वहिनी, माहेरी राहायला गेल्या. त्या गावात पुढे दारूच्या दुकानासाठी मतदान झाले. आपल्या राज्यात तशी तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. वहिनी सकाळी सातला रांगेत उभ्या राहिल्या. बाटली आडवी झाली.

मग नाशिकच्या वाइनचे काय म्हणायचे? जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर वाद झाला. 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असे एका बाजूने सांगितले गेले. दुसऱ्या बाजूने द्राक्ष बागायतदारालाच दारूवाला ठरवले गेले. मला दोन्ही पटत नाही. साधा हिशेब करू. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते, व्हिस्कीत सुमारे बेचाळीस-त्रेचाळीस. दीडशे मिलिलिटर वाइनच्या पेल्यात साधारण एकोणीस मिलिलिटर अल्कोहोल जाते. पंचेचाळीस मिलिलिटर व्हिस्कीतही तेवढेच. पेला मोठा असल्याने ते पातळ दिसते, एवढाच फरक. थोडी वाइन हृदयाला चांगली, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही.

म्हणून वाइनला औषध किंवा सरबत म्हणू नये. ज्याला ती घ्यायची त्याने ती काय आहे हे जाणून घ्यावी. पण त्याचबरोबर, पाऊस, गारा आणि भाव यांच्यात सापडलेल्या माणसाने कागदावर लिहिलेल्या भावाचा आधार घेतला, तर त्याला बोट दाखवण्याआधी आपण त्याला दुसरा कोणता आधार दिला, हेही विचारावे. बेदाणा, रस, शीतगृह, पीकविमा, ही नावे आपण भाषणांत घेतो. अण्णांना ती वेळेवर मिळाली असती, तर तो मणी तुरट लावावा की गोड, हे त्यांनी निवांतपणे ठरवले असते.

निघताना अण्णांनी खायच्या द्राक्षांची पेटी माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. धाडला आल्यावर अम्मीने एक घड हातात घेऊन विचारले, "गुलशनाबाद का है ना?" मी हो म्हणालो. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही तिला नाशिक म्हणावेसे वाटत नाही.

दोन दिवसांनी वहिनी नातवाला घेऊन धाडला आल्या होत्या. मी त्यांच्यापुढे द्राक्षे ठेवली. नाशिकची म्हणून सांगितले.

"भाऊजी, याचीच करतात ना ती?" त्यांनी विचारले.

"याच जातीची नाही. पण द्राक्षाचीच."

त्यांनी घडाकडे थोडा वेळ पाहिले. मग चार मणी तोडले, पदराला पुसले आणि नातवाच्या तळहातावर ठेवले. "खा रे," त्या म्हणाल्या, "शेतकऱ्याचं आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)