रेणूंना हात लावणारा संशोधक

आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालिकेची धुरा वाहिल्यानंतर, त्या मातब्बर कंपनीतील काम सोडून फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६४ साली अमेरिकेतील चॅपेल हिल येथे, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला. आणि संगणकशास्त्रज्ञ हा मूलतः अवजारे घडविणारा कारागीर असून ती वापरणाऱ्याचे यश हीच त्याच्या यशाची कसोटी होय, ही धारणा त्यांनी अखेरपर्यंत जपली.

१९६७ साली आरंभलेल्या त्यांच्या ‘ग्रोप’ प्रकल्पात, किरणोत्सारी द्रव्ये दुरून हाताळण्यासाठी आर्गॉन प्रयोगशाळेने घडविलेली यांत्रिक भुजा पुढे निराळ्याच कामी आली. तिची मूठ धरून रसायनशास्त्रज्ञ पडद्यावरील औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत कुलुपातील किल्लीप्रमाणे फिरवून पाही, आणि अणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाचे संगणकाने केलेले गणित, भुजेतील मोटारींच्या द्वारे, ओढ, रेटा आणि पीळ या रूपांत त्याच्या मनगटाला जाणवे. हे गणित क्षणार्धात उरकणारा संगणक उपलब्ध होईपर्यंत मात्र काम दीर्घकाळ तहकूब ठेवावे लागले. निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. अमुक औषध अमुक जागी का बसते अथवा का अडते, याचे आकलन या स्पर्शाने अधिक सखोल होते, असा अभिप्राय ही भुजा वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच दिला, आणि ब्रुक्स यांच्या दृष्टीने तोच निवाडा ग्राह्य होता.