एक ‘समजा’ आणि पुढचे गणित

१९७० साली हिंजवडीच्या एखाद्या शेतकऱ्याला कोणी सांगितले असते की, “अजून तीस वर्षांनी या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहतील. त्यांत हजारो माणसे दिवसभर पडद्यासमोर बसतील. हातात नांगर नाही, हातोडा नाही, तरी त्यांचे काम तारेतून क्षणात अमेरिकेला पोहोचेल,” तर तो काय म्हणाला असता? “बुवा, उन्हात फार हिंडलात वाटते!” असेच म्हणाला असता.

पण तसे घडले. म्हातोबाच्या यात्रेत आजही बगाड निघणारे मुळशी तालुक्यातील हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगणकाचे गाव बनले. ही हकिगत कोणी आधी कथा म्हणून लिहिली असती, तर एखाद्या चौकस वाचकाने नक्की विचारले असते, “अहो, ही हजारो माणसे रोज येणार-जाणार कोणत्या रस्त्याने?” वाकडच्या बाजूने सकाळ-संध्याकाळ रखडणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे तो प्रश्न किती मोलाचा होता हे कळते.

मित्रहो, विज्ञानकथा असे प्रश्न आधी विचारायला शिकवते. ती भविष्यवाणी नव्हे. भूमितीचे प्रमेय जसे ‘समजा’ या शब्दाने सुरू होते, तशीच ती सुरू होते. लेखकाला एक ‘समजा’ माफ असतो. त्यापुढे मात्र निसर्गाचे नियम आणि गणित यांना धरूनच चालावे लागते. मनाला येईल तेव्हा नियम मोडले, तर ती परीकथा होते. ही कसोटी हाती घेऊन विज्ञानकथेचे काही प्रकार आणि त्यांतील वाचावीत अशी पुस्तके पाहू या.

प्रवासकथा

सुरुवात ज्यूल व्हर्नपासून करावी. त्याच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या. १८६५ सालच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत व्हर्नने माणसांना तोफेतून चंद्राकडे धाडले. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. पृथ्वीची ओढ तोडण्यासाठी वेग हवा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. आता शाळेत शिकलेले गतीचे समीकरण वापरा. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट म्हणजे त्वरण. उत्तर येते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,००० पट! ५० किलोग्रॅमच्या मुलाला आपले वजन ११०० टन भासेल. व्हर्नने धक्का सोसायला पाण्याची योजना केली आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. तरीही त्याने तोफ ठेवली फ्लोरिडात, आणि १९६९ साली अपोलो ११ निघाले तेही फ्लोरिडातूनच. विषुववृत्ताकडे सरकावे तसा पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा अधिक मिळतो.

एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस (१८९७) असाच तपासून पाहा. प्रकाश त्याच्यातून आरपार जातो. मग तो डोळ्याच्या दृक्पटलावरही अडणार नाही. म्हणजे जो पूर्णपणे अदृश्य, तो आंधळाच! अशी चूक सापडली म्हणून पुस्तक टाकून देऊ नये. उलट ती शोधताना जे शिकतो ते जन्मभर लक्षात राहते.

काळ आणि अवकाश

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरे उलटी केली होती. कथेचे नाव ‘कृष्णविवर’.

कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरते. त्याच्या केंद्रापासून ४ किलोमीटरवर स्थिर राहता आले, तर तेथील घड्याळ दूरच्या घड्याळाच्या निम्म्या गतीने चालेल. पण तेथे पायांवरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा इतकी जास्त असेल, की माणूस ताणून फाटेल. सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर घेतले, तर हा ताण नगण्य होतो. अंतराळवीराला जिवंत परत आणायचे असेल, तर लेखकाने विवर असे मोठे निवडावे!

नारळीकरांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे कोडे आहे. कथा सांगून मजा घालवत नाही, पण तिच्यातला प्रयोग करून पाहा. बटर पेपरची ३० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. एका टोकाला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. आता पट्टीवर डाव्या हाताचा पंजा काढा. बोटे पुढे, अंगठा एका कडेकडे. बोटे पुढेच ठेवून तसेच पंजे एकापुढे एक काढत चला. एक फेरी झाली की तुम्ही पहिल्या पंजाच्या मागच्या बाजूला येता. कागदातून आरपार पाहा. नवा पंजा उजव्या हाताचा दिसेल!

इतिहास वेगळा घडला असता तर?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही वेगळ्या जातीची कथा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. समजा, ती गोळी चाटून गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे मराठे जिंकले आहेत. अणूच्या आतल्या जगात घटना निश्चित नसतात, केवळ त्यांच्या शक्यता सांगता येतात. या भौतिकीतील विचाराचा कथेला आधार आहे. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून ही कथा वर्गात वाचावी.

पृथ्वीवरील संकटे

‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडते. अशक्य वाटते ना? पण १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. वातावरणाच्या वरच्या थरांत गेलेल्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवला, आणि १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जणू आलाच नाही, पिके बुडाली. वातावरणाचा समतोल किती नाजूक आहे, हे अशी कथा मनावर ठसवते.

मेंदू आणि यंत्र

लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’ या कथेचा विषय आहे मेंदू. थोर शास्त्रज्ञाचा देह थकला तरी त्याची बुद्धी जगवता येईल का? आणि जगवावी का? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा तुमचा-आमचा.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानव आहे. ‘रोबो’ या शब्दाचे मूळ कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात आहे. समजा, एका यंत्रमानवाने रोज आपल्यासारखा एक घडवला आणि नव्यांनीही तेच केले, तर? तिसाव्या दिवशी त्यांची संख्या १०७ कोटींवर जाईल! प्रत्येकाचे वजन ५० किलोग्रॅम धरले तरी पाच कोटी टनांहून अधिक धातू हवा. तो कोठून येणार? वीज कोण देणार? असा हिशेब केला की भीती कुठे खरी आणि कुठे फुगवलेली, हे कळते.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. वामनाचा प्रश्न मात्र आता पुस्तकात उरलेला नाही. हिंजवडीच्या त्याच इमारतींत आज यंत्राला लिहायला, बोलायला, निर्णय घ्यायला शिकवणारी माणसे काम करतात. हा ‘समजा’ तुमच्या आयुष्यात खरा होत आहे. पुढचे गणित मांडायला तुम्ही तयार असले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना एक सूचना. प्रत्येक विद्यार्थ्याने एक कथा वाचून तीन ओळी लिहाव्यात : लेखकाचा ‘समजा’ कोणता, कोणता नियम पाळला, कोणता मोडला. मग आपल्याच गावाविषयी एक ‘समजा’ लिहावा. आपल्या विहिरींचे पाणी निम्मे झाले तर? वीज आठ दिवस गेली तर? तो लिहून झाला की वही शेजाऱ्याकडे द्यावी, आणि शेजाऱ्याने खाली एकच प्रश्न लिहावा. हिंजवडीच्या रस्त्यांविषयी असा एक प्रश्न तीस वर्षांपूर्वी हवा होता.