मारक मात्रेचे अनुमान आणि बेझ यांचा नियम

कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनी चिन्हाचा खालचा त्रिकोण तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार हा रंग विषारीपणावरून ठरतो. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात तिला मध्यम मारक मात्रा म्हणतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास तांबडा, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा व त्याहून अधिक असल्यास हिरवा रंग येतो. हा आकडा थोड्या प्राण्यांवरून काढावयाचा असल्याने तो कितपत भरवशाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

रासीन, ग्रीव्ह, फ्ल्यूलर व स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असा एक प्रयोग आहे. चार मात्रा प्रत्येकी पाच प्राण्यांना देण्यात आल्या. पहिली मात्रा एक मानल्यास दुसरी सुमारे पावणेदोनपट, तिसरी सव्वादोनपट व चौथी जवळजवळ पाचपट होती. दगावलेले प्राणी अनुक्रमे ०, १, ३ व ५ होते.

पहिल्या मात्रेने एकही प्राणी दगावला नाही, म्हणून ती निर्धोक ठरते काय? तसे मुळीच नाही. दहा प्राण्यांपैकी सरासरी एकास मारणारी मात्रा दिली, तरीही पाचही प्राणी वाचण्याची संभाव्यता सुमारे ५९ टक्के असते. थोड्या निरीक्षणांवरून निश्चित विधान करणे धोक्याचे असते, ते यामुळेच.

येथे टॉमस बेझ यांचा नियम उपयोगी पडतो. त्यांचा निबंध त्यांच्या निधनानंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत प्रयोगापूर्वी असलेली माहिती प्रथम संभाव्यतेच्या रूपाने मांडतात. मात्रा वाढते तसा मृत्यूचा संभव आधी सावकाश, मग झपाट्याने वाढतो व शेवटी स्थिरावतो. अशी वक्ररेषा कोठे चढते आणि किती तीव्रतेने चढते, या दोन गोष्टी अज्ञात असतात. त्यांच्या प्रत्येक जोडीस प्रत्यक्ष निरीक्षणे कितपत अनुकूल आहेत हे पाहून मूळ संभाव्यतेत दुरुस्ती केली जाते.

पूर्वमाहिती जवळजवळ नाहीच असे मानून वरील प्रयोगाचे गणित केल्यास मध्यम मारक मात्रा पहिल्या मात्रेच्या दुपटीहून किंचित अधिक येते. परंतु उत्तर तेवढ्यावर थांबत नाही. खरा आकडा बहुधा पावणेदोन ते पावणेतीन पटींच्या दरम्यान असावा, असेही ते सांगते. वक्ररेषेची तीव्रता तर याहून पुष्कळच अनिश्चित राहते.

या पद्धतीस एक पथ्य आहे. निरीक्षणे थोडी असतील तेव्हा पूर्वमाहितीचा निष्कर्षावर मोठा परिणाम होतो. म्हणून ती कोठून घेतली हे उघडपणे नमूद केले पाहिजे, आणि ती बदलल्यास उत्तर किती बदलते हेही तपासले पाहिजे.

प्राण्यांचा वापर कमी व्हावा यासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००२ मध्ये मध्यम मारक मात्रेची जुनी चाचणी रद्द करून कमी प्राण्यांच्या चाचण्या स्वीकारल्या. निरीक्षणे जितकी थोडी, तितका अनिश्चिततेचा स्पष्ट हिशेब आवश्यक ठरतो. शेतकऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे, की डब्यावरील हिरवा त्रिकोण विष सौम्य असल्याचे सांगतो, विष नसल्याचे नव्हे. फवारणीच्या वेळी हातमोजे व तोंडावरील आच्छादन कोणत्याही रंगास आवश्यकच आहे.