शिडाच्या नौकेतील इंजिन-प्रारंभ व प्रभारण परिपथ : एक विवेचन

प्रस्तावना :
गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली 'म्हादेई' नौका 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. अशा नौकेला वारा पुढे नेतो. परंतु दिवे, स्वयंचलित सुकाणू व संदेशयंत्रणा विजेवरच चालतात. प्रस्तुत लेखात या वीजव्यवस्थेतील एका मूलभूत सुधारणेचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
तासगावच्या द्राक्षबागेतील ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर तो उताराला लावून सुरू करता येतो. समुद्रात ही सोय नाही. एकाच बॅटरीवर सर्व भार असल्यास रात्रभरात ती उतरते, स्टार्टर फिरत नाही आणि इंजिनाअभावी प्रभारणही (चार्जिंग) थांबते.

सुधारणा :
1) प्रारंभ बॅटरी व सेवा बॅटरी स्वतंत्र ठेवाव्यात, ऋण टोक मात्र समाईक असावे.
2) दोहोंच्या प्रभारणासाठी पूर्वी डायोड वापरीत. साध्या डायोडमध्ये सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात, 14.4 ऐवजी 13.7 व्होल्टच पोहोचतात व बॅटरी अर्धपोटी राहते. त्याऐवजी अल्टरनेटर थेट सेवा बॅटरीस जोडावा व दाब पुरेसा वाढल्यावर प्रारंभ बॅटरी जोडणारा रिले बसवावा. इंजिन थांबून दाब उतरला की रिले दोन्ही बॅटऱ्या पुन्हा विलग करतो.
3) इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा बॅटरीशी संबंध तोडू नये, दाब एकदम उसळून त्यातील डायोड जळतात.
4) सेवा बॅटरीकडून प्रारंभ परिपथास आणीबाणीची जोडणी देणारा स्विच असावा. प्रभारण तारांवरील फ्यूज बॅटरीलगत असावेत.

तारेची जाडी :
स्टार्टर 200 अँपिअर घेतो व जाण्या-येण्याची तार मिळून 6 मीटर आहे, असे मानू. तांब्याची रोधकता 0.0175 धरल्यास 25 चौरस मि.मी. तारेचा रोध 0.0042 ओहम येतो व 0.84 व्होल्ट वाया जातात. 50 चौरस मि.मी. तारेत ही हानी 0.42 व्होल्टवर येते. खाऱ्या हवेमुळे तांबे गंजून रोध वाढतो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरणे श्रेयस्कर ठरते.

समारोप :
सारांश, या सुधारणेचे मर्म साधने वाढविण्यात नसून, सेवा बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी इंजिन सुरू करण्याची शक्ती राखून ठेवण्यात आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गात ओहमचा नियम शिकविताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना निश्चितच उद्बोधक ठरेल.