दाढीखालची खाज
श्रावणात दाढी न करण्याचा आमच्या घराण्याचा परिपाठ इंदुरास पिढ्या गेल्या तरी सुटलेला नाही. गेल्या श्रावणात मात्र अशी खाज सुटली, की फळ्याकडे तोंड करून हनुवटी खाजवावी लागे. दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने आठवड्यात आराम पडला; पुढे कातडी लाल, पातळ झाली. त्यात स्टेरॉइड होते! त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, हा दाढीतला कोंडा. त्वचेच्या तेलावर पोसणारी मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी तो वाढविते. वर मी रोज खोबरेल चोळून तिला खाद्यच पुरवीत होतो. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, 5 मिनिटे ठेवून धुतल्यावर महिन्याभरात खाज शमली. चट्टा गोल, कडेने पसरणारा असल्यास तो नायटा. त्याची चिकित्सा निराळी. यंदाही दाढी राखणार आहे. शाम्पू आधीच आणून ठेवला आहे.